फॉर्मॅट झालं म्हणजे कार्ड खरं, असं समजू नका

हँडहेल्ड गेम कन्सोलसाठी ऑनलाइन २५६ जीबीचं मायक्रोएसडी कार्ड मागवलं. नामांकित कंपनीचं नाव, पाकीट हुबेहूब. कन्सोलमध्ये घातलं, फॉर्मॅट चुटकीसरशी झालं, जागा २३८ जीबी दिसली. (हा आकडा बघून घाबरू नका. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, कन्सोल १०२४ च्या. अस्सल कार्डही एवढंच दाखवतं.)

सुरुवातीचे गेम मस्त चालले. नंतरचे डाउनलोड झाले, आयकॉन आले, पण उघडायला गेलं की फाइल करप्ट. पुढे तर आधी नीट चालणारे गेमही बिघडायला लागले. विक्रेत्याचं उत्तर एकच: "पुन्हा फॉर्मॅट करा." तसं केलं की कार्ड परत शहाण्यासारखं वागायचं, भरत येईपर्यंत.

यातली मेख कार्डाच्या कंट्रोलरमध्ये, म्हणजे कार्डाचा कारभार बघणाऱ्या आतल्या चिपमध्ये असते. आतली मेमरी ३२ जीबीची, पण कंट्रोलरचं फर्मवेअर (त्याच्या आतला प्रोग्राम) बदलून त्याला २५६ सांगायला शिकवलेलं असतं. क्विक फॉर्मॅट फक्त फाइल सिस्टिमची, म्हणजे कुठली फाइल कुठे आहे याची, नोंदवही नव्याने लिहितं, बाकीच्या जागेला हातही लावत नाही, मग खोटं पकडणार कुठून? खरी जागा संपल्यावर काही कार्डं पुढचा डेटा सरळ टाकून देतात, तर काही पुन्हा पहिल्या पानापासून लिहायला घेतात. माझ्या जुन्या गेमवर नांगर फिरला तो असा. आणि हे सगळं होत असताना कॉपी 'यशस्वी'च दिसते.

शेवटी विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू हे कार्ड तपासायचं सॉफ्टवेअर चालवलं. लिनक्स किंवा मॅक असेल तर एफ३ आहे, दोन्ही फुकट. ही साधनं मोकळी जागा १-१ जीबीच्या फाइलींनी भरतात आणि मग सगळं परत वाचून ताडून बघतात. म्हणून कार्ड रिकामं हवं आणि चाचणी पूर्ण जागेची हवी. थोडासाच भाग तपासला तर नकली कार्डही पास होतं, कारण सुरुवातीचा भाग खराच असतो. वेळ मात्र लागतो: सेकंदाला २० एमबी वेग धरला तर २५६ जीबी नुसतं लिहायलाच साडेतीन तास, वाचणं वेगळं. रात्री लावून झोपा.

माझ्या कार्डात जेमतेम ३० जीबी बरोबर निघालं, बाकी सगळं गायब. कॉम्प्युटरला लावलेल्या कार्ड रीडरवर संशय नको म्हणून त्याच रीडरमध्ये दुसरं जुनं कार्ड तपासलं, ते निर्दोष.

चाचणी झाल्यावर कार्ड शक्यतो कन्सोलमध्येच फॉर्मॅट करा. कॉम्प्युटरवर करायचं असेल तर एसडी असोसिएशनचा फॉर्मॅटर आहे, पण तो ६४ जीबी आणि त्यावरच्या कार्डांना एक्सफॅट ही फाइल सिस्टिम देतो. निन्टेन्डो ३डीएससारख्या जुन्या कन्सोलला फॅट३२ ही जुनी फाइल सिस्टिम लागते, तिथे ते चालणार नाही.

हा धंदा चालतो तो रिटर्नच्या मुदतीवर. कार्ड भरायला वेळ लागतो आणि बिंग फुटेपर्यंत मुदत टळलेली असते. त्यामुळे पाकीट फोडलं की एकही गेम टाकण्याआधी चाचणी लावा आणि निकालाचा स्क्रीनशॉट ठेवा. माझी मुदत थोडी शिल्लक होती. स्क्रीनशॉट पाठवल्यावर विक्रेत्याची भाषा बदलली: "३२ जीबी समजून वापरा, थोडे पैसे परत देतो." असल्या चिपवर सेव्ह फाइल ठेवायचा भरवसा कोण देणार? मी कार्ड परत पाठवलं आणि पूर्ण पैसे घेतले.