मुठेलाचे दहा महिने

गेल्या कार्तिकात पहाटेचा मतलई वारा सुटला आणि माझ्या नडग्यांना खाज सुरू झाली. पुरळ नाही, चट्टा नाही. रात्री पाठ टेकली की मात्र खाजवून पांढऱ्या रेघा उठायच्या. सासूबाईंनी फडताळातून मुठेलाचा, म्हणजे कोकमतेलाचा गोळा काढून दिला. वेंगुर्ल्यात आमच्याकडे तो टाचांच्या भेगांसाठी असतोच.

गोळा घट्ट, मेणासारखा. किसून वाटीत घ्यायचा, वाटी गरम पाण्यात धरायची. पहिले पंधरा दिवस मी कोरड्या पायांवर चोळत बसले, फुकट. तेल कातडीला पाणी देत नाही, आहे ते अडवून धरतं. अंघोळीनंतर अंग टिपून ओलसर असतानाच लावायला लागले, बंबाचं कढत पाणी सोडून कोमट घेतलं, साबण काखा-जांघांपुरता ठेवला. तीन आठवड्यांत झोप लागायला लागली. श्रेय मुठेलाचं किती आणि कोमट पाण्याचं किती, देव जाणे. चादरीला डाग पडतात ते वेगळंच.

मग जून आला. कपडे चार-चार दिवस वाळेनात, आणि परकराच्या नाडीखाली खाज. मी तिथेही मुठेलच लावलं! तेलाखाली घाम कोंडला आणि कडेला लाल, मध्ये निवळलेली चकती उमटली. नायटा, म्हणजे कातडीवरची बुरशी. औषधाच्या दुकानातून 'सगळ्यावर चालणारं' मलम आणलं. दोन दिवसांत खाज गायब, पंधरा दिवसांत चकती दुप्पट.

त्वचेच्या डॉक्टर बाईंनी ट्यूब बघून कपाळाला हात लावला. त्यात स्टेरॉइड होतं: खाज दबते, बुरशी मोकाट पसरते. त्यांनी नुसतं बुरशीवरचं मलम दिलं, चकतीच्या कडेबाहेरही लावायचं आणि डाग गेल्यावर लगेच थांबवायचं नाही. 'घरात आणखी कुणाला खाजतं? बोटांच्या बेचक्यांत?' असंही विचारलं. खरूज असती तर घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी औषध लावावं लागलं असतं. नडग्यांची जुनी खाज ऐकून साखर, थायरॉइड, मूत्रपिंड, यकृत तपासायला लावलं, कारण पुरळाशिवाय टिकणारी खाज कधी कधी तिथून येते. माझं सगळं ठीक निघालं.

आता मुठेल पुन्हा टाचांना, आणि दिवाळीनंतर नडग्यांना. पावसाळ्यात कमरेला अजिबात नाही. सासूबाईंना हे अजून पटलेलं नाही.