फर्नेस-एसीची जोडी की हीट पंप?

न्यू जर्सीतल्या आमच्या बेसमेंटमधली गॅस फर्नेस, म्हणजे घर तापवणारी भट्टी, वीस वर्षांची, बाहेरचा एसीही तिच्याच वयाचा. एसीत थंडावा आणणारा जुना आर-२२ गॅस. अमेरिकेत त्याचं उत्पादन आणि आयात २०२० पासून बंद, त्यामुळे गळती झाली की भरणं परवडत नाही. दोघांना पंखा एकच, म्हणून बदलायचं तर एकदमच.

नव्या फर्नेसमध्ये गॅसची ९५ टक्क्यांच्या आसपास उष्णता घरात येते. आमची जेमतेम ८० देते. जानेवारीत गरम हवेच्या जाळीवर हात धरला की छान ऊब लागते. सासूबाईंना तीच हवी.

हीट पंप म्हणजे उलटाही चालणारा एसी. एक युनिट विजेत तो दोन-तीन युनिट उष्णता आत ओढतो. हवा कोमट, पण संथ आणि सतत येते. कडाक्याच्या थंडीत जोर कमी पडतो, हे खरं. भिंतींत इन्सुलेशन नसेल तर आधी ते करून घ्या.

माझा कौल हीट पंपला. ज्वाळाच नाही, म्हणजे त्याच्यातून विषारी कार्बन मोनॉक्साइड वायू नाही. गेल्या हिवाळ्यात रात्री दोनला त्या वायूचा अलार्म वाजला, तेव्हा मुलांना पांघरुणासकट उचलून अंगणात बर्फात उभे होतो आम्ही.