पाच प्लायच्या नावाखाली हलके बॉक्स गळ्यात मारले, मूर्ती पाठवणाऱ्यांनी नक्की वाचा

पुण्यातून गणपती बाहेरगावी पाठवणाऱ्यांनी हे जरूर वाचा, कारण सीझन तोंडावर आलाय आणि मला फसवणारा बॉक्सवाला अजून बिनधास्त ऑर्डरी घेतोय.

आमचं शाडूच्या मूर्तींचं घरगुती काम आहे, बंगळुरू, हैदराबाद, इंदूरच्या मराठी घरांत आमच्या मूर्ती कुरियरने जातात. शाडू म्हणजे भाजलेली नसलेली माती, जरा धक्का लागला की गेली, आणि मूर्ती कुठल्याच रेडीमेड बॉक्सला धड बसत नाही, खाली पाट रुंद, एक हात वर, सोंड पुढे, कान दोन्हीकडे. म्हणून आम्ही बॉक्स बनवूनच घेतो. भोसरीकडच्या एकाला व्हॉट्सॲपवर सगळं लिहून दिलं, पाच प्लाय म्हणजे कागदाचे पाच थर, प्रत्येक थर १५० जीएसएम (एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन), २० बीएफ (बर्स्टिंग फॅक्टर, म्हणजे दाबाखाली कागद किती टिकतो त्याचा आकडा), आणि माप आतलं. त्याने ‘ओके ताई’ केलं, सॅम्पल आणून दाखवला तो एकदम कडक होता. अर्धे पैसे ॲडव्हान्स घेतले आणि उरलेले माल उतरवतानाच, ‘टेम्पोवाला खोळंबलाय, पटकन ट्रान्सफर मारा’ म्हणून मागेच लागला.

वरची बंडलं सॅम्पलसारखीच होती, घोळ सगळा खालच्या बंडलांत. बाहेरून रंग तोच, छपाई तीच, त्यामुळे संशय यायचं कारणच नाही. मग इंदूरहून फोटो आले. बॉक्सच्या बाजू फुगलेल्या, वरचा भाग आत बसलेला, आणि बाप्पांचा उजवा हात मनगटापासून तुटून कागदाच्या कातरणात पडलेला. त्या घरात बाळाचा पहिला गणपती होता हो, त्या काकू फोनवर रडायला लागल्या, मला काय बोलावं तेच सुचेना.

बॉक्सवाल्याला फोन केला तर म्हणतो ‘ताई, पावसात बॉक्स नरम पडणारच’. यात अर्धं खरं असतं म्हणूनच लोक गप्प बसतात. दमट हवेत पुठ्ठ्याची ताकद उतरते, फारच ओलावा असला तर निम्म्यावरसुद्धा येते, पण मग जाड कागदाचे जादा पैसे आपण कशासाठी मोजतो?

मी सॅम्पलचा बॉक्स जपून ठेवला होता, तो वजनकाट्यावर ठेवला तर सव्वा किलोच्या वर भरला, आणि खालच्या बंडलातला त्याच मापाचा बॉक्स जेमतेम किलोभर. मग बॉक्सचा बरोबर १० बाय १० सेंटिमीटरचा तुकडा कापून पाण्यात भिजत घातला. थोड्या वेळाने खळ सुटते आणि पाचही थर वेगळे होतात, ते पुसून पूर्ण वाळवायचे आणि सोनाराच्या काट्यावर एकेक तोलायचा, जेवढे ग्रॅम येतील त्याला १०० ने गुणलं की जीएसएम. आतला नालीदार, म्हणजे लाटांसारखा दुमडलेला कागद उलगडला की लांब होतो, तो परत १० सेंटिमीटरला कापून मगच तोलायचा नाहीतर आकडा फुगतो. माझे थर दीड ग्रॅमचे हवे होते, आले १.२ च्या आसपास.

बीएफ घरी तपासता येत नाही, त्याला लॅबचं बर्स्टिंगचं मशीनच लागतं. पण हिशोब समजून घ्या, जीएसएम गुणिले बीएफ भागिले १००० ही एका थराची ताकद, सपाट थर पूर्ण धरायचे आणि नालीचे निम्मे. म्हणजे १५० आणि २० ला पाच प्लायची ताकद दर चौरस सेंटिमीटरला १२ किलो येते, आणि तेच १२० जीएसएम १६ बीएफचं केलं तर पावणेआठच्याही खाली. दोन्हीला पाच प्लायच म्हणतात, दिसतात पण सारखेच! सोनेरी रंगावर तर अजिबात जाऊ नका, तो रंग कागदाला लावलेला असतो.

अजून एक, नाल्या उभ्या पाहिजेत, म्हणजे बॉक्सच्या उंचीच्या दिशेने, तरच वरचं ओझं पेलतं. माझ्या काही बॉक्समध्ये त्या चक्क आडव्या होत्या, शीट वाचवायला तसं कापतात. आणि मापही बाहेरचं धरलेलं, पाच प्लायच्या दोन भिंतींतच सेंटिमीटरच्या वर जागा जाते, मूर्तीच्या सगळ्यात बाहेर आलेल्या भागापासून चारी बाजूंनी ५ सेंटिमीटर मोकळं सोडून मी माप दिलं होतं ते सगळं बिघडलं. बरं मोठा बॉक्स घ्यावा तर कुरियरवाले लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची भागिले ५००० करून वजन लावतात, ४५ बाय ३५ बाय ५० सेंटिमीटरचा बॉक्स पावणेसोळा किलोचा धरतात, आत मूर्ती कितीही हलकी असो.

त्याच्या बिलावर फक्त ‘कोरुगेटेड बॉक्स ५ प्लाय’ एवढंच, जीएसएमचा पत्ता नाही. वर मलाच सांगतो की धंद्यासाठी माल घेतला म्हणजे तुम्ही ग्राहक नाही, कोर्टात जाता येत नाही. हे ऐकून घाबरू नका, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेला माल व्यापारी कारणात धरत नाहीत. मी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केलीये, चॅट, सॅम्पल आणि वजनाचे फोटो जोडून नोटीसही पाठवलीये. तो आता निम्मे बॉक्स बदलून देतो म्हणतोय, मी नाही म्हटलंय, पूर्ण पैसे परत पाहिजेत. तुमच्याकडे या सीझनचा माल येऊन पडला असेल तर मूर्ती भरायच्या आधी सगळ्यात खालचं बंडल फोडून त्यातला बॉक्स तोलून घ्या.