जोग्जा की सोलो? वर्षभर राहायचं असेल तर

गामेलन (जावाचा पारंपरिक वाद्यवृंद) किंवा जावानीज नृत्य शिकायला इंडोनेशियातल्या जावा बेटावर वर्षभर जायचं ठरलं की शेवटी दोनच नावं समोर उरतात, योग्यकार्ता आणि सुराकार्ता. तिथली माणसं त्यांना जोग्जा आणि सोलो म्हणतात. दोन्हींत साठेक किलोमीटर अंतर. १३ फेब्रुवारी १७५५ च्या गियांती कराराने माताराम राज्याची वाटणी झाली, त्यातले हे दोन भाऊ. दोन्हीकडे राजवाडा आहे, बाटिक आहे, वायांग म्हणजे बाहुल्यांचा छायाखेळ आहे. म्हणून निवड करताना मी आधी जमीन बघते आणि मग कारभार.

जोग्जाच्या उत्तरेला सुमारे तीस किलोमीटरवर मेरापी ज्वालामुखी आणि दक्षिणेला जवळपास तितक्याच अंतरावर हिंदी महासागर. राजवाडा या दोहोंच्या मधल्या सरळ रेषेवर बांधलाय. २०२३ साली युनेस्कोने हा अक्ष जागतिक वारशात घेतला. इथे पत्ता सांगतानाही डावं-उजवं न म्हणता उत्तर-दक्षिण म्हणतात. आठवडाभरात सवय होते. पण मेरापी जागृत आहे. २०१० च्या उद्रेकानंतर पावसाने वाहून आलेला राखेचा गाळ चोदे नदीतून थेट शहरात आला होता. नदीकाठी स्वस्त खोली मिळाली तर हे लक्षात ठेवा. २००६ चा भूकंपही याच भागातला, बांतुलकडचा.

सोलो सखल आहे. पश्चिमेला मेरापी-मेरबाबू, पूर्वेला लावू पर्वत आणि शहराच्या कडेने जावातली सर्वांत लांब नदी, बेंगावान सोलो. इथली भीती पुराची. १९६६ चा पूर जुनी माणसं अजून विसरलेली नाहीत.

खरा फरक कारभारात आहे. आपल्याकडे कोल्हापूर, औंध, सांगली ही संस्थानं विलीन झाली, तसंच काहीसं सोलोचं झालं. १९४६ मध्ये राजसत्तेविरुद्ध आंदोलन पेटलं, दरबाराचे अधिकार गेले आणि शहर पुढे मध्य जावा प्रांतात सामील झालं. जोग्जाचा सुलतान मात्र नव्या इंडोनेशियन प्रजासत्ताकाच्या मागे ठाम उभा राहिला. १९४६ ते १९४९ राजधानीच तिथे होती. म्हणून आजही जोग्जा स्वतंत्र विशेष प्रांत आहे, आणि २०१२ च्या कायद्यानुसार सुलतान हाच राज्यपाल. त्याला निवडणूक नाही. शहराचा महापौर मात्र लोक निवडतात.

सोलोत राजवाडा सांस्कृतिक मानाचा राहिला आणि सत्ता महापौराकडे गेली. पुढे इंडोनेशियाचे राष्ट्राध्यक्ष झालेले जोको विडोडो २००५ ते २०१२ इथेच महापौर होते. बांजारसारीच्या बागेतल्या शेकडो फेरीवाल्यांना पुन्हापुन्हा जेवायला बोलावून, बोलणी करत त्यांनी नव्या बाजारात हलवलं. हे शहर मला आवडतं ते अशा गोष्टींमुळे.

व्यवहाराचं बोलू. जोग्जा शहर जेमतेम ३३ चौरस किलोमीटर, वस्ती पावणेचार लाखांच्या आसपास. लोक ज्याला जोग्जा म्हणतात त्याचा बराच भाग शहराच्या हद्दीबाहेर आहे: गाजा माडा विद्यापीठ स्लेमान जिल्ह्यात, कला संस्था बांतुलमध्ये. म्हणजे तिथे राहिलात तर तुमच्या नोंदीचे कागद महापालिकेकडे जाणार नाहीत, त्या-त्या जिल्ह्याकडे जातील. सोलो सुमारे ४७ चौरस किलोमीटर, वस्ती सव्वापाच लाखांवर, आणि कला संस्था शहरातच, जेब्रेस विभागात. कुठेही राहा, गल्लीच्या आरटी-प्रमुखाला (आरटी म्हणजे शेजारच्या काही घरांचा गट) जाऊन भेटा. नव्या माणसाने आपली नोंद तिथे द्यायची असते आणि अडचणीत पहिला धावून येणाराही तोच.

पहिल्यांदाच परदेशी जाताय, भाषा येत नाही, सोबतीला इतर विद्यार्थी हवेत, तर जोग्जाच घ्या. पण गामेलन शिकणं हाच हेतू असेल तर मी सोलो म्हणेन. तिथे पाहुण्यांची गर्दी कमी. जोग्जा हवंसं वाटलं तर सोलो बालापान स्टेशनवरून लोकल पकडा, सव्वा तासाच्या आसपास पोचता.