मांजराच्या घरात स्पीकर: कापडी जाळी की पत्र्याची?
कापडी जाळीतून आवाज जवळजवळ जसाच्या तसा येतो आणि ती दिसतेही छान. पण ताणून बसवलेलं विणीचं कापड म्हणजे नखं रुतवायला हवी तशी जागा. मांजर ओरबाडतं ते नखांवरचं जुनं आवरण काढण्यासाठी आणि पंजातल्या ग्रंथींचा वास मागे ठेवण्यासाठी. अंग ताणून उभं राहता येईल असा उंच, न हलणारा टॉवर स्पीकर त्याला फारच सोयीचा. कापड फाटलं की मागे ट्विटरचा, म्हणजे वरचे स्वर वाजवणाऱ्या छोट्या भागाचा, नाजूक, बऱ्याचदा रेशमी घुमट उघडाच पडतो. तिथे एक नख लागलं तरी खर्च ठरलेला.

छिद्रांच्या पत्र्याची जाळी नखांना दाद देत नाही. पातळ पत्रा मोठ्या आवाजात कधी थरथरतो, वरच्या स्वरांत किंचित फरकही पडू शकतो. तरी मी पत्र्याचीच घेईन.

कापडी जाळीचे स्पीकर आधीच घरात असतील तर शेजारी जाड सुतळी गुंडाळलेला, मांजराच्या पूर्ण ताणाइतका उंच, भक्कम खांब ठेवा. मांजरावर ओरडू नका, ते बिचारं घाबरतं फक्त. स्टँडवरचे छोटे स्पीकर मात्र, जाळी कुठलीही असो, घट्ट बसवा. उडीच्या धक्क्याने ते खाली येतात.