‘ग्रास’वर सरकारी भरणा: दादरच्या एका घरमालकिणीचा अनुभव

दादरला सासऱ्यांनी घेतलेली आमची एक सदनिका आहे आणि ती भाड्याने देताना दर दोन वर्षांनी लिव्ह अँड लायसन्सचा करारनामा नोंदवावा लागतो. आजवर हे काम एजंटावर सोपवून आम्ही मोकळे होत असू. यंदा मात्र मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी राज्य शासनाच्या ‘ग्रास’ या संकेतस्थळावर मी स्वतः भरली. सरकारी तिजोरीत पैसे भरण्याची ही सोय कशी आहे, हे वापरून पाहिलेल्या माणसाने नीट सांगावे असे वाटले, म्हणून हे लिहीत आहे.

आधी हिशेब सांगते, कारण बहुतेकांची फसगत तिथेच होते. संपूर्ण मुदतीचे भाडे आणि परत करायच्या अनामत रकमेवर वर्षाला 10 टक्के दराने धरलेले व्याज यांची बेरीज करून तिच्यावर 0.25 टक्के मुद्रांक शुल्क द्यावे लागते. आमचे भाडे महिना 32,500 रुपये, मुदत 24 महिने आणि अनामत 1 लाख रुपये. म्हणजे 7,80,000 अधिक 20,000, असे 8 लाख झाले आणि शुल्क बसले 2,000 रुपये. महापालिका हद्दीतील नोंदणी फी 1,000 रुपये. एवढे गणित घरमालकाला स्वतःला येत असेल, तर एजंटाने सांगितलेल्या रकमेत सरकारचे किती आणि त्याचे स्वतःचे किती, हे लगेच कळते.

‘ग्रास’वर खाते न उघडताही भरणा करता येतो. विभाग, जिल्हा, कार्यालय, लेखाशीर्ष (म्हणजे सरकारी हिशेबात पैसे कोणत्या सदराखाली जमा होणार ते), रक्कम, भरणाऱ्याचे नाव आणि पॅन एवढी माहिती भरली, की चलनाला एक जीआरएन मिळतो. ‘एमएच’ या अक्षरांनी सुरू होणारा हा लांबलचक क्रमांक म्हणजे या व्यवहाराची नाळच आहे. पैसे नेट बँकिंगने भरता येतात आणि ज्यांना ते नको असेल, त्यांना चलन छापून बँकेच्या खिडकीवर भरण्याचीही मुभा आहे. हा दुसरा मार्ग सरकारने चालू ठेवला, हे मला फार महत्त्वाचे वाटते, कारण आमच्याच इमारतीत मोबाइलवरून एक रुपयाही न पाठवणारे चार ज्येष्ठ नागरिक आहेत.

या पद्धतीची खरी करामत पुढे आहे. दस्त नोंदवला, की दुय्यम निबंधक कार्यालयातून ते चलन ‘डिफेस’ केले जाते, म्हणजे वापरले गेल्याची खूण त्याच्या नोंदीवरच होते आणि तोच जीआरएन दुसऱ्या दस्ताला लावता येत नाही. ज्यांना तेलगीचा बनावट मुद्रांकांचा घोटाळा आठवतो, त्यांना याचे मोल वेगळे सांगायला नको. खरा वाटणारा कागद खोटा निघू शकत होता. इथे कागदाला किंमत नाही, किंमत आहे ती नोंदीला.

आता अडचण. माझ्या बँकेतून 3,000 रुपये वजा झाले, पण पान मध्येच अडकले आणि पावती आली नाही. बँकेच्या मदत क्रमांकावर ‘पुन्हा भरून पाहा’ असा सल्ला मिळाला. तो मी मानला नाही हे बरे झाले, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी ‘सर्च चलन’मध्ये जीआरएन टाकताच रक्कम जमा झाल्याची नोंद दिसली. म्हणून कळकळीने सांगते: बँकेच्या पानावर जाण्याआधी जीआरएन कागदावर उतरवून ठेवा, आणि पैसे कापले गेले असतील तर एक दिवस थांबल्याशिवाय दुसऱ्यांदा भरू नका. चुकून जास्त भरलेले किंवा न वापरलेले मुद्रांक शुल्क परत मागता येते, परंतु त्यासाठी सहा महिन्यांच्या आत रीतसर अर्ज करावा लागतो आणि तो मार्ग लांबचा आहे.

सरकारला पैसे देणाऱ्याच्या हातात असा क्रमांक असतो. सरकारकडून पैसे घेणाऱ्याच्या हातात काय असते, हा प्रश्न मला त्याच आठवड्यात पडला. आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींना ‘माझी लाडकी बहीण’ योजनेचे महिना 1,500 रुपये मंजूर झाले होते, पण त्यांच्या दादरच्या खात्यात ते दिसत नव्हते. “वहिनी, सगळ्यांचे आले, माझेच कुठे अडकले?” असे त्या रोज विचारत. आधारवर आधारित थेट हस्तांतरणात खाते क्रमांकापेक्षा आधारला शेवटी कोणती बँक जोडली, हे पाहिले जाते. आधारच्या संकेतस्थळावर त्यांच्या ओटीपीने प्रवेश करून ‘बँक सीडिंग स्टेटस’ पाहिले, तेव्हा गावाकडच्या एका बँकेचे नाव निघाले. मुलाने कर्जाच्या कामासाठी तिथे खाते उघडून दिले होते आणि त्याच वेळी आधार तिकडे जोडले गेले होते. पैसे दर हप्त्याला नियमाने तिथे जमा होत होते. खात्याला जोडलेला मोबाइल क्रमांक बंद पडलेला असल्याने संदेश कुणालाच येत नव्हता.

‘ग्रास’ला मी पाचपैकी चार गुण देते. एक गुण राखून ठेवला तो त्यातल्या भाषेसाठी: लेखाशीर्षांची नावे हिशेबनिसाला कळतील अशी आहेत, घरमालकाला नव्हेत. परंतु भरणाऱ्याला जशी जीआरएनवरून आपल्या पैशांची वाट दिसते, तशीच ती घेणाऱ्यालाही दिसायला हवी. कोणत्या तारखेला, कोणत्या बँकेत, शेवटचे कोणते चार आकडे असलेल्या खात्यात रक्कम गेली, एवढा एक मराठी संदेश अर्जात दिलेल्या मोबाइलवर आला असता, तर मावशींना तीन खाडे करून बँकेच्या रांगेत उभे राहावे लागले नसते. आधार आता त्यांच्या दादरच्या खात्याला जोडण्याचा अर्ज दिला आहे, आणि गावच्या पासबुकात नोंदी भरून आणायला त्या येत्या रविवारी एसटीने निघणार आहेत.