शफल की प्रहर? मोठ्या संग्रहातलं गाणं ऐकण्याच्या दोन रीती

ज्यांच्या हार्ड डिस्कवर चार-पाचशे जीबी गाणं साठलंय, त्यांना ही अडचण माहीत आहे. माझ्याकडे साधारण १,२०० फोल्डर आहेत. बहुतेक ख्याल, थोडं नाट्यसंगीत, थोडं कर्नाटक. हात मात्र वर्षानुवर्षं त्याच वीस-पंचवीस ध्वनिमुद्रणांकडे जायचा. त्यावर मी दोन उपाय करून पाहिले. दोन वर्षं शफल लावलं, म्हणजे प्लेअर आपोआप निवडेल ते ऐकलं, आणि गेली तीन वर्षं प्रहरांच्या याद्या वापरतोय, म्हणजे जो राग दिवसाच्या ज्या वेळचा, तो त्या वेळी ऐकतोय.

शफलला पूर्वतयारी काहीच लागत नाही. त्यातून कधी कधी विलक्षण शेजार जुळतो. केसरबाई केरकरांची ७८ आरपीएमची तीन-सव्वातीन मिनिटांची तबकडी संपते आणि कुमार गंधर्वांची तासाभराची मैफल सुरू होते. एवढ्याशा वेळात रागाचा अख्खा आकार कसा उभा केलाय, हे असं लागोपाठ ऐकल्यावर फार जाणवतं. विलंबित (संथ लयीतला भाग) एका फाइलीत, द्रुत (जलद भाग) दुसरीत, आणि शफल त्यांची ताटातूट करतं, ही ख्याल ऐकणाऱ्यांची नेहमीची तक्रार. ती खरी आहे, पण फूबार२००० या संगणकावरच्या प्लेअरमध्ये फोल्डर शफल करण्याचा पर्याय आहे. तो निवडला की अख्खा राग सलग लागतो. तेवढ्यासाठी मी शफल सोडलं नसतं.

मला नकोसं झालं ते वेगळ्याच कारणानं. रात्री साडेनऊला जेवणं आटोपून बसावं आणि तोडी, म्हणजे सकाळचा राग, लागावी. तोडी माझी आवडती, पण त्या वेळी कानाला नको वाटते. ‘पुढे’चं बटण दाबायचं. मग देसकार, तोही सकाळचाच. पुन्हा पुढे. तिसऱ्या वेळी रात्रीचा यमन लागला तरी तोवर बोटाला चाळा लागलेला असायचा. गायक फारसा ऐकलेला नसेल तर त्याचा विलंबित मनात रुजायला चार-पाच मिनिटं द्यावी लागतात, आणि मी वीस सेकंदही थांबत नसे. भीमसेनजींचं ओळखीचं काही लागलं की मात्र थांबायचो. म्हणजे फिरून पुन्हा त्याच वीस-पंचवीसांपाशी. म्युझिकबी या दुसऱ्या प्लेअरमध्ये गाणं किती वेळा ओलांडलं याचा रकाना असतो. तो एकदा उघडून पाहिला, तर मल्लिकार्जुन मन्सूरांचा शुक्ल बिलावल सहा वेळा लागला होता आणि सहाही वेळा मी तो ओलांडला होता. पूर्ण एकदाही ऐकलेला नव्हता. त्या दिवशी फार वाईट वाटलं.

मग प्रहराकडे वळलो. प्रत्येक फोल्डरला एक खूण द्यायची: सकाळ, दुपार, दिवेलागण, रात्र, उत्तररात्र. मल्हार आणि बसंत-बहार यांना ऋतूची वेगळी खूण. म्युझिकबीच्या आपोआप बनणाऱ्या यादीला दोनच अटी घातल्या. खूण जुळली पाहिजे, आणि ते ध्वनिमुद्रण कधीच ऐकलेलं नसावं किंवा शेवटचं ऐकून वर्ष उलटलेलं असावं. बस्स. रविवारी सकाळी तोच शुक्ल बिलावल यादीत समोर आला आणि चहा निवेपर्यंत मी जागचा हललो नाही.

यात कष्ट आहेत, ते लपवत नाही. खुणा द्यायला मला अडीच महिने लागले. जोडराग (दोन राग मिळून झालेले) आणि जयपूर घराण्याचे अनवट (क्वचित गायले जाणारे) राग यांनी बराच घोळ घातला. काही ठिकाणी गाणं शिकलेल्या मित्राला विचारलं. अमीर खाँसाहेबांच्या त्या प्रसिद्ध एलपीवर एका बाजूला मारवा आणि दुसऱ्या बाजूला दरबारी. एक सूर्यास्ताचा, दुसरा मध्यरात्रीचा. फोल्डर तोडताना जिवावर आलं. पण दिवेलागणीला नुसता मारवा ऐकला, त्यानंतर दुसरं काही लावलं नाही, आणि ते तोडणं बरोबर वाटलं.

नोकरीवाल्यांसाठी आणखी एक अडचण. दुपार आपल्या हातात नसते. सारंगाचे प्रकार, भीमपलास, मुलतानी हे सगळं माझ्या यादीत साचून राहिलं. आता रविवारची दुपार त्यांच्यासाठी राखून ठेवलीय. काय साचलंय ते निदान यादीत दिसतं. शफलच्या दिवसांत माझ्याकडे सारंग किती आहेत हेच मला ठाऊक नव्हतं.

तुमच्या संग्रहात भावगीतं, चित्रपटगीतं जास्त असतील, तर माझ्या मते शफलच बरं. कर्नाटक संगीतातही वेळेचं बंधन व्यवहारात इतकं पाळत नाहीत, म्हणून माझं ते सगळं आजही शफलवर आहे. सकाळी यमन ऐकायला ज्यांना काहीच वाटत नाही, त्यांनाही प्रहराचा खटाटोप कदाचित अनाठायी वाटेल. माझा कल मात्र, ख्यालापुरता, प्रहराकडेच आहे.

करून पाहायचं असेल तर सगळा संग्रह एकदम हाती घेऊ नका. तुम्ही रोज ज्या वेळी ऐकता तेवढीच वेळ धरा. रात्र असेल तर यमन, केदार, बिहाग, बागेश्री, मालकंस यांचे पन्नासेक फोल्डर निवडा, दोन संध्याकाळी पुरतात. एखादा राग कुठे घालावा हे ठरेना, तर त्याला खूणच देऊ नका. तो यादीत येणार नाही, शफलमध्ये राहू दे.